दोन वर्षांच्या मुलीला दातांच्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा नेताना

पाऊलवाट

लेक आता २ वर्षं २ महिन्यांची आहे. गेल्या आठवड्यात दात घासून देताना खिडकीतल्या उजेडात तिचा वरचा ओठ जरा उचलून बघितला, तर समोरच्या दोन दातांवर हिरडीला अगदी लागून खडूने ओढावी तशी पांढरी रेघ दिसली. ओल्या कापडाने पुसली, गेली नाही. दुखत वगैरे काही नाही, खाणंपिणं नेहमीसारखं आहे. झोपताना दुधाची बाटली मात्र अजून सुटलेली नाही, हे आधीच सांगते.

घरात तीन माणसं आणि तीन मतं. साबा (सासूबाई) म्हणतात, दुधाचेच दात ते, पडायचेच आहेत. नवरा म्हणतो, अजून वर्षभर जाऊ दे, थोडं कळायला लागलं की नेऊ. मला थांबायचं नाही, पण नेण्याचीही भीती वाटते. केस कापायला बसवलं तरी ती भोकाड पसरते. अनोळखी माणूस तोंडात बोट घालणार म्हटल्यावर काय होईल?

आणखी एक खरं कारण आहे. मी सात वर्षांची असताना दोघांनी माझे हात धरून ठेवले आणि दाढ काढली. डोक्यावरचा तो गोल दिवा मला अजून आठवतो. त्यानंतर मी स्वतः दातांच्या दवाखान्यात फक्त असह्य झाल्यावरच गेले आहे. ही भीती तिला माझ्याकडून मिळू नये एवढीच इच्छा आहे. इतक्या लहान मुलांना कोणी नेलंय का? आत गेल्यावर नक्की काय करतात? आधी घरी काय सांगायचं?

कंदील

नेच. रेघ आहे तोवर ने, खड्डा पडायची वाट बघू नकोस.

गोधडी

माझ्या मुलाला १४व्या महिन्यात नेलं होतं, तेव्हा त्याला जेमतेम सहा दात होते. आत काय झालं ते सविस्तर लिहिते, कारण मलाही आधी काही कल्पना नव्हती.

त्याला मोठ्या खुर्चीत बसवलंच नाही. मी एका साध्या खुर्चीवर, डॉक्टर समोर दुसऱ्या खुर्चीवर, आमचे गुडघे एकमेकांना टेकलेले. मुलगा माझ्याकडे तोंड करून मांडीवर, त्याचे पाय माझ्या कमरेभोवती. मग त्याला हळूच मागे आडवा केला तेव्हा डोकं डॉक्टरांच्या मांडीवर आलं आणि वर बघितलं की त्याला माझाच चेहरा दिसत होता. त्याचे हात माझ्या हातात. आडवा झाल्याबरोबर रडला. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "छान, तोंड उघडलं." आरशाने दात पाहिले, मोजले, हिरड्या पाहिल्या, गालाची आतली बाजू पाहिली. उठवल्यावर अर्ध्या मिनिटात रडणं थांबलं. सगळं मिळून चार मिनिटं लागली असतील. उरलेला वेळ डॉक्टर माझ्याशीच बोलत होते: काय खातो, किती वेळा खातो, रात्री काय पितो, दात कोण घासतं.

नाना_६५

माझं मत वेगळं आहे, राग मानू नये. आम्ही तीन मुलं वाढवली, एकालाही शाळेत जायच्या आधी दातांच्या डॉक्टरकडे नेलं नाही. तिघांचे दात आज चांगले आहेत. दुधाचे दात पडतात आणि नवे येतात, ही निसर्गाची सोय आहे. दुखत नसताना लहान जिवाला दवाखान्यात नेऊन रडवायचं, हे मनाला पटत नाही. पाऊलवाट, तुमच्या सासूबाई चुकीचं बोलत आहेत असं मला वाटत नाही.

दोन_पिल्लांची_आई

नाना, तुमच्याबद्दल आदर ठेवून लिहिते. मीही अगदी असाच विचार केला होता.

थोरल्याला आम्ही चार वर्षांचा होईपर्यंत नेलं नाही. तीन वर्षांचा असताना पुढच्या दातांवर तपकिरी डाग होते. मी ते रोज बघत होते आणि रोज मनाची समजूत घालत होते की हे दात पडणारच आहेत. मग एका रात्री दोन वाजता तो गाल धरून उठला. त्या रात्री आणि पुढच्या दोन रात्री आम्ही कोणीच झोपलो नाही. गाल सुजला. सात दातांना कीड निघाली, त्यातल्या दोन दाढांची नसेपर्यंत गेलेली. इतकं काम जागेपणी करून घेणं त्या वयात शक्य नव्हतं, म्हणून पूर्ण भूल देऊन केलं. सकाळी उपाशी ठेवलेलं मूल पाणी मागत होतं आणि मला देता येत नव्हतं. भूल उतरताना तो मला ओळखत नव्हता, ती दहा मिनिटं मी विसरू शकत नाही.

त्यानंतर कित्येक महिने तो एका बाजूनेच चावायचा. दुखत नव्हतं, सवय झाली होती. धाकटीला पहिल्या वाढदिवसाआधी नेलं. ती आता पाच वर्षांची आहे, एकही दात किडलेला नाही. दवाखान्यात गेल्यावर ती स्वतःच खुर्चीत चढते, कारण तिथे दुखतं हे तिला माहीतच नाही.

शुभ्रदंती

मी लहान मुलांचीच दंतवैद्य आहे. मूल न पाहता निदान करणार नाही, पण वर काही गोष्टी आल्या आहेत त्यावर थोडं सविस्तर लिहिते.

नाना, दुधाचे दात पडतात हे खरंच आहे. पण केव्हा पडतात ते बघा. एकूण २० दात असतात. पहिला साधारण सहाव्या महिन्याच्या पुढेमागे येतो आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत सगळे येऊन होतात. पुढचे पटाशीचे दात ६-७ व्या वर्षी पडायला लागतात. दुधाच्या दाढा मात्र १० ते १२ वर्षांपर्यंत तोंडात असतात. म्हणजे तीन वर्षांच्या मुलाची दाढ किडली, तर तिच्यावर अजून सात-आठ वर्षं चावायचं आहे. शिवाय ती दाढ खालून येणाऱ्या दाताची जागा राखून ठेवते. लवकर काढावी लागली की शेजारचे दात सरकतात आणि नव्या दाताला वाट उरत नाही.

दुसरं, दुधाच्या दाताचं वरचं कवच पक्क्या दातापेक्षा पातळ असतं आणि आतली नस त्या मानाने मोठी. मोठ्यांच्या दातात जी कीड आत पोचायला बराच काळ घेते, ती इथे काही महिन्यांत पोचू शकते. म्हणून "दुखेल तेव्हा नेऊ" हा हिशेब लहान मुलांत चुकतो. दुखायला लागतं तेव्हा सोपे उपाय बहुतेक संपलेले असतात.

पाऊलवाट, हिरडीलगतची खडूसारखी पांढरी रेघ ही किडीची पहिली पायरी असू शकते. तिथले खनिज निघून गेलेले असतात, पण पृष्ठभाग अजून फुटलेला नसतो. या टप्प्यावर ते परत भरून येऊ शकतात. ड्रिल लागत नाही, इंजेक्शन लागत नाही. फ्लोराइडचं वार्निश ब्रशने दातांवर लावतात, मिनिटभराचं काम आहे. थुंकी लागली की ते दाताला चिकटून घट्ट होतं. पण रात्रीची बाटली तशीच राहिली तर नुसतं वार्निश पुरणार नाही.

वरचेच दात का, असं पालक नेहमी विचारतात. बाटली तोंडात असताना जीभ खालच्या दातांवर येते आणि लाळेच्या ग्रंथींची तोंडंही तिथेच जवळ असतात, त्यामुळे खालचे पुढचे दात बहुधा वाचतात. वरच्यांना तो आधार नसतो. झोपेत लाळ खूप कमी होते, म्हणून दिवसा प्यायलेल्या दुधापेक्षा झोपेत तोंडात साचून राहिलेलं दूध जास्त त्रास देतं.

कधी न्यायचं? अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक डेंटिस्ट्रीचा सल्ला पहिला दात आल्यापासून सहा महिन्यांत, आणि उशिरात उशिरा पहिल्या वाढदिवसापर्यंत असा आहे. दोन वर्षं दोन महिने म्हणजे फार उशीर झाला असं मानून घाबरू नका, पण वर्षभर मात्र थांबू नका.

नाना_६५

दाढा १०-१२ वर्षांपर्यंत राहतात हे मला माहीत नव्हतं. मी सगळेच सहा-सात वर्षांत पडतात असं धरून चाललो होतो. दोन पिल्लांच्या आईंची हकीकत वाचून वाईट वाटलं. तरी रडणाऱ्या मुलाचे हात धरून तपासणं मनाला लागतंच.

रानवारा

वेगळा अनुभव. मुलगा १६ महिन्यांचा होता आणि महिनाभरात त्याचे दात काळपट दिसायला लागले. बायको रडकुंडीला आली होती, मी नेटवर नाही नाही ते वाचत बसलो होतो. डॉक्टरांनी पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "लोहाचे थेंब चालू आहेत का?" चालू होते. ते डाग लोहाच्या औषधाचे, वरवरचे. पॉलिश करून निघाले. पुढे थेंब जिभेच्या मागच्या बाजूला घालायचे आणि नंतर पाणी पाजून दात पुसायचे, एवढंच सांगितलं. औषध बंद करू नका, रक्ताला ते हवं आहे, हेही बजावलं.

घरी बसून डागाचा रंग बघून अंदाज बांधू नका, एवढं मी यातून शिकलो.

चिमणचारा

बाटलीबद्दल. आम्ही एकदम बंद करायला गेलो आणि तीन रात्री घर डोक्यावर घेतलं. मग रोज दुधात थोडं थोडं पाणी वाढवत नेलं. साधारण दोन आठवड्यांत बाटलीत नुसतं पाणी राहिलं आणि तिचा रसच गेला. दूध संध्याकाळी कपातून, मग दात घासायचे, मग गोष्ट, मग झोप. हा क्रम कधीच मोडला नाही, पाहुणे असले तरीही.

गोधडी

चिमणचारा, पण अंगावर पिणाऱ्यांचं काय? माझा मुलगा पावणेदोन वर्षांचा होईपर्यंत रात्री दोनदा प्यायचा. प्रत्येक जण दातांचं कारण सांगून तोडायला सांगत होता. जागतिक आरोग्य संघटना तर दोन वर्षं आणि त्यापुढेही पाजा म्हणते.

चिमणचारा

मी अंगावरच्या दुधाबद्दल बोललेच नव्हते गं. तरी मला वाटतं, दात आल्यावर रात्रभर तोंडात धरून झोपू देणं टाळावं.

शुभ्रदंती

दोघींचंही बरोबर आहे. पाजणं थांबवा असं मी कुणालाच सांगत नाही. पहिल्या वर्षानंतर रात्री पुन्हा पुन्हा आणि मनाला येईल तेव्हा पाजलं जात असेल तर किडीची जोखीम वाढते. विशेषतः दिवसाचं गोड खाणं दातांवर तसंच राहिलेलं असेल तर. झोपायच्या आधी दात नीट घासलेले असावेत आणि बाळाला झोप लागली की स्तन अलगद बाजूला घ्यावा, एवढं सांभाळलं तरी खूप फरक पडतो.

आणि गोड म्हणजे फक्त साखर नाही. चिकटणारी बिस्किटं, मनुका, फळांचा रस, गोड सिरपची औषधं हे सगळं त्यात येतं. किती खाल्लं याच्याइतकंच किती वेळा खाल्लं हेही महत्त्वाचं असतं. दिवसभर हातात बिस्किट असेल तर दातांना सावरायला मधे वेळच मिळत नाही.

वाटाड्या

आमचा अनुभव कडवट आहे. अडीच वर्षांच्या मुलीला घेऊन गेलो, तर आत गेल्याबरोबर "आईबाबा बाहेर थांबा" असं सांगितलं. दाराबाहेर आम्ही तिचं ओरडणं ऐकत उभे. बाहेर आली तेव्हा घामाने भिजलेली होती. तिला पट्ट्यांनी बांधलं होतं हे आम्हाला नंतर कळलं, तेही तिच्या हातावरचे वळ पाहून विचारलं तेव्हा. काम काय तर दात साफ करणं. त्यात तातडीचं काहीच नव्हतं. पुढे वर्षभर ती डॉक्टरांचा पांढरा कोट दिसला की थरथर कापायची.

त्यामुळे नुसतं "न्या, न्या" म्हणू नका. कुठे नेताय हे आधी बघा.

कंदील

वाटाड्या, वाचून अंगावर काटा आला. तुम्हाला न विचारता बांधलं हे सर्वस्वी चूक.

शुभ्रदंती

वाटाड्या, हे व्हायला नको होतं. पालकांना आधी समजावून सांगून त्यांची संमती घेतल्याशिवाय मुलाला बांधणं चुकीचंच. मार लागून रक्त येतंय, सूज आहे, अशा वेळी घट्ट धरावं लागतं. साध्या तपासणीसाठी त्याची गरज नसते. गोधडीने लिहिलं तसं आईच्या मांडीवर, आईच्या हातात हात, यात मुलाला आधार असतो. दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

फोनवर वेळ घेतानाच विचारा: लहान मुलांना नेहमी पाहता का? मी आत थांबू शकते ना? ती फारच रडली तर काय करता? शेवटच्या प्रश्नावर "थांबतो, पुन्हा बोलावतो" असं उत्तर आलं तर निर्धास्त जा. उत्तर द्यायलाच टाळलं तर दुसरीकडे विचारा.

आणि रडण्याबद्दल. तीन वर्षांखालचं मूल खुर्चीत शांत बसून तोंड उघडेल अशी आमची अपेक्षाच नसते. त्या वयात समजून सहकार्य करण्याची क्षमता तयार व्हायची असते. रडलं म्हणजे तुमची भेट वाया गेली असं मुळीच नाही. रडू किती वेळ टिकलं आणि नंतर मूल कुणाजवळ शांत झालं, ते मी बघते.

निळीशाई

घरी काय सांगायचं यावर. "अजिबात दुखणार नाही" हे वाक्य आमच्या डॉक्टरांनी सांगू नका म्हटलं. मूल फक्त "दुखणार" एवढंच ऐकतं. "घाबरू नकोस"चंही तसंच. आम्ही सांगितलं, "डॉक्टरमावशी तुझे दात मोजणार आहेत, आपण बघू किती निघतात." आठवडाभर रोज आरशात मोजले. तोंड उघडून "आऽऽ" करायचा खेळ, चमचा उलटा धरून आरसा म्हणून. मग बाहुलीचे मोजले, बाबांचे मोजले.

प्रत्यक्षात मोजून झाल्यावर डॉक्टर म्हणाल्या, "अठरा!" त्यावर मुलाने त्यांच्या हनुवटीला हात लावून सांगितलं, "आता तुमचे." त्यांनी मास्क काढला आणि खरंच मोजू दिले. त्याला सहापर्यंतच येत होतं, त्यामुळे डॉक्टरांचे सहा दात भरले. 😄

आणि कृपा करून कोणी "जेवला नाहीस तर डॉक्टरकाकांकडे नेईन, सुई देतील" असं म्हणू नका. आमच्याकडे हे वाक्य घरातून हद्दपार केलं आहे.

शुभ्रदंती

निळीशाई, मास्क काढून दात मोजू देणाऱ्या त्या डॉक्टर मला फार आवडल्या. हेच तंत्र आम्हाला शिकवतात: आधी सांगायचं, मग दाखवायचं, मग करायचं. १९५९पासून त्याला इंग्रजीत 'टेल-शो-डू' म्हणतात. आरसा आधी मुलाच्या नखावर, मग तोंडात. हवेचा फवारा आधी तळहातावर. ज्याचं आधी नाव सांगितलं नाही आणि जे दाखवलं नाही ते तोंडात जाऊ द्यायचं नाही.

ऋतुगंध

माझा मुलगा स्वमग्न आहे. त्याच्या बाबतीत "पहिली भेट" पाच भेटींत झाली. पहिल्या दिवशी फक्त दारापर्यंत गेलो आणि परत आलो. दुसऱ्या वेळी बसायच्या जागेत दहा मिनिटं. तिसऱ्या वेळी खुर्ची वरखाली होताना पाहिली. चौथ्या वेळी बसला, तोंड बंद. पाचव्या वेळी उघडलं.

दिव्याचा त्रास होऊ नये म्हणून गॉगल, आवाजासाठी कानावर हेडफोन. डॉक्टरांनी दवाखान्याचे फोटो आधी पाठवले होते, त्यांची आम्ही चित्रपुस्तिका करून रोज रात्री पाहत होतो. सकाळची पहिली वेळ मागून घेतली, म्हणजे गर्दी नाही आणि वाट बघणं नाही. ज्यांची मुलं आवाजाला, स्पर्शाला फार संवेदनशील आहेत त्यांनी फोनवर स्पष्ट सांगावं. लाजण्यासारखं त्यात काही नाही. पाचही वेळा त्या डॉक्टरांनी घाई केली नाही, याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी राहीन.

चिमणचारा

ऋतुगंध, ही माहिती फार मोलाची आहे. ❤️

अवांतर: लहानांना फ्लोराइडची पेस्ट द्यावी की नाही? गिळतात ना ती.

रानवारा

आम्ही दोन वर्षांपर्यंत बिनफ्लोराइडचीच वापरली. डब्यावर "गिळली तरी सुरक्षित" लिहिलेलं असतं ती.

शुभ्रदंती

पूर्वी तसंच सांगत. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१४मध्ये तो सल्ला बदलला. आता पहिला दात आल्यापासूनच फ्लोराइडची पेस्ट, पण तांदळाच्या दाण्याएवढी, ब्रशवर नुसती पुसल्यासारखी. तेवढी गिळली तरी चालते. तीन ते सहा वर्षं वाटाण्याएवढी. पेस्ट मोठ्यांनीच ब्रशवर घ्यायची आणि ट्यूब मुलाच्या हाताला लागेल अशी ठेवायची नाही. घासल्यावर थुंकायचं, भरपूर चुळा भरायच्या नाहीत, म्हणजे थोडं फ्लोराइड दातांवर राहतं.

मूल स्वतः घासतं ते खेळ म्हणून घासू द्या, पण त्यानंतर एकदा तुम्ही घासा. सात-आठ वर्षांपर्यंत त्यांच्या हाताला ते वळण नसतं.

कंदील

आणखी एक अवांतर. भाची खेळता खेळता पडली, तीन वर्षांची. पुढचा दात मुळासकट बाहेर. तिच्या आईने तो परत हिरडीत बसवायचा प्रयत्न केला, कुठेतरी वाचलं होतं म्हणून.

शुभ्रदंती

दुधाचा दात परत बसवायचा नाही. खाली पक्क्या दाताचा अंकुर असतो, त्याला इजा होऊ शकते. वाचलेलं बरोबर आहे, पण ते पक्क्या दाताबद्दल आहे. पक्का दात निखळला तर मुळाला हात न लावता उचलायचा, शक्य असेल तर लगेच जागेवर बसवायचा, नाहीतर दुधात घालून तासाभराच्या आत डॉक्टर गाठायचा. दुधाचा पडला तरी डॉक्टरांना दाखवाच, तुकडा आत राहिला नाही ना हे बघावं लागतं.

वाटाड्या

पाऊलवाट, गेलात का? कुठे, कसं ठरलं?

पाऊलवाट

हो, काल जाऊन आलो. सगळ्यांचे प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचले, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी तीन ठिकाणी फोन केले. शुभ्रदंतींनी सांगितलेले प्रश्न विचारले. एका ठिकाणी "चार वर्षांची झाल्यावर आणा" म्हणाले, एका ठिकाणी आई आत चालणार नाही. तिसऱ्या ठिकाणच्या बाईंनी उलट मलाच विचारलं, ती दुपारी कधी झोपते. तिची झोप आणि खाणं झाल्यानंतरची वेळ दिली. मी फोनवरच सांगून टाकलं की मला स्वतःला या खुर्चीची भीती आहे. त्या म्हणाल्या, "मग तिला बाबांच्या मांडीवर घेऊ, तुम्ही तिला दिसाल अशा उभ्या राहा." इतकं साधं उत्तर मला सुचलं नव्हतं.

आठवडाभर बाहुलीचे दात मोजले. बाहुलीला दातच नाहीत, हे तिने तिसऱ्या दिवशी आम्हाला रागावून सांगितलं.

आत गेल्यावर दोन मिनिटं छान होती. हातमोज्याचा फुगा करून दिला तो तिने घेतला. आडवी केली तशी रडली, जोरात रडली. नवऱ्याने तिचे हात धरले होते. माझे हात गार पडले होते, पण मी तिथून हलले नाही आणि तिच्याकडे बघून मोजत राहिले. डॉक्टरही माझ्याबरोबर मोठ्याने मोजत होत्या. सतरा-अठरा करता करता संपलंच. उठली, बाबांच्या खांद्यावर डोकं टाकलं, आणि थोड्या वेळाने फुगा मागितला.

निदान: समोरच्या चारही दातांवर पांढरे पट्टे, दोन ठळक आणि दोन अंधुक. त्यातल्या एकाच्या मागच्या बाजूला लहानसा तपकिरी खड्डा, जो मला दिसलाच नव्हता. वार्निश लावलं. त्या रात्री ब्रश करायचा नाही आणि कडक काही द्यायचं नाही असं सांगितलं. खड्ड्यासाठी सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड सुचवलं. त्याने कीड थांबवता येते, पण ती जागा कायमची काळी पडते. मागच्या बाजूला आहे, दिसणार नाही, आम्ही लगेच हो म्हटलं. ड्रिल नाही, सुई नाही. तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलंय.

साबाही बरोबर आल्या होत्या. त्यांनी डॉक्टरांना सरळच विचारलं, पडणाऱ्या दातांसाठी एवढं कशाला? डॉक्टरांनी त्यांना दाढांचं मॉडेल हातात दिलं आणि खाली दडलेले पक्के दात दाखवले. साबा बराच वेळ ते निरखून बघत होत्या. बाटलीत पाणी वाढवायचं काम आता त्यांनी स्वतःकडे घेतलं आहे.

दोन_पिल्लांची_आई

वाचून डोळ्यांत पाणी आलं गं. तू हलली नाहीस, ते फार मोठं आहे.

निळीशाई

बाहुलीला दात नाहीत! 😄 लेक हुशार आहे.

गोधडी

मागच्या बाजूचा खड्डा ही गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा. आपण समोरूनच बघतो. शुभ्रदंती, घरी ओठ उचलून किती दिवसांनी बघावं?

शुभ्रदंती

महिन्यातून एकदा पुरे. मांडीवर डोकं घेऊन, वरून, चांगल्या उजेडात. हिरडीलगतची कड आधी, मग मागची बाजू. पाऊलवाट, तुमच्या डॉक्टरांनी केलं ते सगळं योग्य वाटतंय. पुढच्या वेळी पट्ट्यांचा खडूसारखा पांढुरका रंग जाऊन तिथे चकाकी आली, तर खनिज परत भरत आहेत असं समजा.

पाऊलवाट

धागा वर काढतेय. काल दुसरी भेट झाली. रडली, पण आडवी करेपर्यंत नाही, आणि उठवल्यावर लगेच थांबली. अंधुक पट्टे जवळजवळ दिसत नाहीत, ठळक दोन आता चकचकीत आहेत. खड्डा काळा आणि कडक झालाय, वाढलेला नाही. बाटली सुटून दोन महिने झाले.

निघताना तिने मोठ्या खुर्चीकडे बोट दाखवून मला सांगितलं, "आई बस." मी बसले. डॉक्टरांनी दिवा लावला नाही, नुसते दात मोजले. पुढच्या महिन्यात मी माझी वेळ घेतली आहे.

नाना_६५

पाऊलवाट, फार बरं वाटलं. नातवाला घेऊन परवा मीच गेलो होतो, मुलगा-सून कामावर होते. रडला, मलाही थोडं जड गेलं, पण दात सगळे नीट आहेत. शुभ्रदंती, तो पुढच्या महिन्यात तीन वर्षांचा होतोय. वाटाण्याएवढी पेस्ट त्या दिवसापासून घ्यायची ना?

शुभ्रदंती

हो नाना, त्या दिवसापासून. थुंकायला मात्र आतापासूनच शिकवा.